एका नगाचं काम

गुरुवार म्हणजे भोसरी एमआयडीसीची सुट्टी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शटर खाली, टपरीवर एकच स्टोव्ह पेटलेला, आणि एरवी तळपायातून जाणवणारी पॉवर प्रेसची धडधड आज अजिबात नाही. एका गाळ्याचं शटर तेवढं कमरेएवढं वर आहे. वाकून आत शिरायचं.

आत पहिल्यांदा लागतात ते निळे क्रेट. मोटरसायकलच्या कुठल्याशा जोडणीतले बुश त्यांत तेलात न्हाऊन पडलेत, हजारोंनी. उद्या सकाळी ते टेम्पोत चढणार. गाळ्याचं पोट या बुशवर चालतं. शेठ मात्र त्यांच्याकडे पाठ करून मिलिंग मशीनचा बेड पुसतायत. आधी ब्रश, मग फडकं, मग ॲसिटोनचा बोळा. मशीन पुसायचं काम हेल्परचं, पण आज ते हेल्परला दिलेलं नाही.

"कालपर्यंत यावर एमएस चाललंय," ते म्हणतात. "लोखंडाचा एक कण जरी टायटॅनियमात रुतला ना, की वेल्डिंगला तो बोंब मारतो."

टेबलावर पांढऱ्या धुवट कापडावर तीन तुकडे मांडून ठेवलेत. दोन जाड कड्या आणि पाचेक सेंटिमीटरची एक नळी. नळीची दोन्ही टोकं आत वळवून कापलेली, म्हणजे ती कडीच्या गोलाईवर अशी बसते की मध्ये कागदही शिरू नये. या कापाला सगळे फिशमाउथ म्हणतात. हे तीन तुकडे जोडून सायकलचा स्टेम व्हायचा आहे. पुढच्या चिमट्याची दांडी आणि हँडल यांना जोडणारा तो आखूड हात. सायकलीत कुणाचं लक्ष न जाणारा भाग. मोडला तर मात्र दात पाडतो.

सायकल भिंतीला टेकून उभी आहे. नव्वदच्या दशकातली, स्टीलची, बारीक नळ्यांची, रंग ठिकठिकाणी उडालेला. तिचे मालक वाईचे, निवृत्त शिक्षक. इथे सगळे त्यांना सर म्हणतात. सर बीआरएम करतात. म्हणजे पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या राइड: २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर. शर्यत नव्हे, ठरल्या वेळात पोचायचं एवढंच. ६०० ला ४० तास मिळतात. सरांची अडचण तिसऱ्या शतकानंतर सुरू होते. मान धरते. डॉक्टरांनी हँडल वर आणि जवळ घ्यायला सांगितलंय.

आता यात टायटॅनियम कुठून आलं, हा प्रश्न मलाही पडतो. बाजारात ॲल्युमिनियमचे हवे तेवढे स्टेम मिळतात. पण सरांच्या चिमट्याची दांडी जुन्या मापाची, एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर, आताच्या सायकलींना २८.६ लागते. हँडलही जुनं, मध्ये २६ मिलिमीटर, आता ३१.८ चा जमाना आहे. मध्ये पातळ बुश घालून नवा स्टेम जुन्या दांडीवर बसवता येतो, आणि शेठनी तो पर्याय सरांपुढे पहिल्याच भेटीत ठेवला होता, खर्चाच्या आकड्यासकट.

"पाचर मारलेलं मला चालत नाही," सर म्हणतात. "आणि घाम. माझा घाम सगळा स्टेमवरच गळतो. दोन स्टेम खाल्लेत त्याने."

हे कारण खरं आहे. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो, ओरखडला तर पुन्हा धरतो. घाम, समुद्राचं पाणी, पावसाळा यांचं त्यापुढे काही चालत नाही. पण माझा अंदाज असा की सरांना तो धातू हवाय म्हणून हवाय. चाळीस वर्षं खडू धरलेल्या माणसाने एकदा हौस केली तर त्याचा हिशेब मागायचा नाही.

शेठची मुलगी लॅपटॉप सरांकडे वळवते. डिझाइन तिचं. गाळ्यात तिला सगळे ताई म्हणतात, वडीलसुद्धा. पडद्यावर सायकल बाजूने दिसतेय, रेघांची. चिमट्याची दांडी जमिनीशी ७३ अंशांत तिरकी आहे. जुना स्टेम ११० मिलिमीटरचा, जमिनीला समांतर. नवा ८० चा, १५ अंश चढता. त्यात दांडीचा तिरकेपणा मिळवला की तो जमिनीपासून ३२ अंश वर बघणार. ताई दोन रेघा ओढते. हँडल ४२ मिलिमीटर वर येतंय आणि गंमत म्हणजे तेवढंच मागे.

"डॉक्टरांनी चार सेंटिमीटर सांगितलंय," सर म्हणतात.

"दोन मिलिमीटर माझ्याकडून."

सरांना एकच गोष्ट खटकते. नळी जाड दिसतेय. जुन्या सायकलीला बारीक नळीच शोभते.

"बारीक घेतली तर हँडल डुलेल, सर. टायटॅनियम मजबूत आहे, पण ताठ नाही. स्टीलच्या निम्म्याच्या जरा वर." ताई टेबलावरून नळीचा एक उरलेला लांब तुकडा उचलून त्यांच्या हातात देते. वजन लागत नाही. "भिंत तेवढीच ठेवून व्यास पाव पटीने वाढवला, तर ताठपणा जवळपास दुप्पट होतो. म्हणून जाड नळी, पातळ भिंत."

सत्तरच्या दशकात अमेरिकेत टेलिडाइन कंपनीने टायटॅनियमची सायकल काढली होती, शुद्ध टायटॅनियमची. ती वजनाला हलकी होती आणि जोर लावला की लवायची. पुढे लोक मिश्रधातूकडे आणि जाड नळ्यांकडे वळले. आपल्या टेबलावरची नळी ग्रेड नाइन आहे: तीन टक्के ॲल्युमिनियम, अडीच टक्के व्हेनेडियम. हा धातू मुळात विमानातल्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी रुळला, सायकलवाल्यांनी तो तिथून उचलला. कड्या ग्रेड फाइव्हच्या, सहा आणि चार टक्क्यांच्या, जास्त कडक. नळी चीनमधल्या बाओजीहून आलीय. जगाच्या टायटॅनियम व्यापारात त्या गावाचं नाव टाळून पुढे जाता येत नाही.

सर पिशवीतून एक पुडी काढतात. आत चार बोल्ट, मोरपिशी चकाकणारे. ऑनलाइन मागवलेत, टायटॅनियमचे म्हणून. शेठ काही न बोलता खिशातलं लोहचुंबक त्यांच्यावर धरतात. चारही टणकन चिकटतात. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही.

"लोखंड आहे. रंग मारलेलं."

"अरेच्चा."

"वाईट नाहीत. देवघराच्या फळीला वापरा."

सर हसतात, पण पुडी परत पिशवीत नीट ठेवतात. तसेही शेठ टायटॅनियमच्या आट्यांत टायटॅनियमचा बोल्ट घालायच्या विरुद्धच आहेत. हा धातू आपल्याच जातीच्या धातूवर घासला की चिकटून बसतो, मग पाना फिरतो आणि बोल्टचं डोकं हातात येतं. स्टेनलेसचे साधे बोल्ट आणि आट्यांवर तांब्याची पेस्ट, हा त्यांचा तोडगा.

मामा आलेत. मामा म्हणजे वेल्डर, साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, खिशात दोन चष्मे. रोह्याकडच्या केमिकल कारखान्यांत टायटॅनियमचे हीट एक्सचेंजर वेल्ड करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथे जॉइंट निळा आला की इन्स्पेक्टर खडूने फुली मारायचा, आणि फुलीचा जॉइंट कापून पुन्हा करावा लागायचा. अजूनही मामा काम झाल्यावर आधी रंग बघतात.

ते आल्याबरोबर पहिली गोष्ट करतात ती पंखा बंद. मे महिना आहे, वर पत्रा आहे. पण वाऱ्याची झुळूक टॉर्चभोवतीचा आर्गॉन उडवून नेते, आणि टायटॅनियमचं सगळं दुखणं हवेचंच आहे. थंड असताना हा धातू हवेला दाद देत नाही. साधारण ४०० अंशांच्या वर गेला की मात्र ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषायला लागतो, आणि शोषले की ठिसूळ होतो. वितळतो १६६८ अंशांना. म्हणजे वेल्डच्या आजूबाजूचा बराच पट्टा थंड होईपर्यंत आर्गॉनखाली झाकून ठेवायचा, बाहेरून आणि आतूनही. नळीच्या आतली बाजू कुणाला दिसणार नाही, पण तडा तिथूनच सुरू होतो.

मामा कपाळाला गमछा घट्ट बांधतात. ही सवय उन्हाची नाही. घामात मीठ असतं, आणि घामाचा थेंब जॉबवर पडून तसाच तापला तर पुढे तिथून चीर जाऊ शकते.

आधी चाचणीचा तुकडा. टाकाऊ नळीचे दोन तुकडे, ॲसिटोनने पुसलेले, नवे हातमोजे. मामा पायाखालचं पेडल दाबतात, निळसर उजेड भिंतीवर नाचतो, वायरचं टोक दोन-तीनदा बुडवतात. उजेड विझतो. टॉर्च मात्र जागचा हलत नाही. गॅस वाहत राहतो, मामा मनातल्या मनात मोजत राहतात. मग काच वर.

तुकडा निळा आलाय. कडेला जांभळट.

कुणीच काही बोलत नाही. नुसता पिवळसर सोनेरी आला असता तरी मामांनी चालवून घेतला असता. चंदेरी सगळ्यात चांगला, सोनेरी चालण्यासारखा, निळा-जांभळा संशयाचा, आणि राखाडी, त्यावर पांढरी भुकटी, म्हणजे भंगार. ते तुकडा शेगडीवरच्या चिमट्याने धरावा तसा धरून उजेडात फिरवतात.

"सिलिंडर नवा?" मामा विचारतात.

"काल आलाय. नव्याण्णव पॉइंट नऊ नऊ नऊ."

"मग पाइप बघ."

हेल्पर पोरगा साबणाचं पाणी घेऊन येतो, रेग्युलेटरपासून टॉर्चपर्यंत एकेका जोडणीवर ब्रश फिरवत. टॉर्चच्या अगदी जवळच्या क्लिपपाशी इवले बुडबुडे. आत गॅस जोरात वाहत असला की अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. क्लिप बदलली जाते, आधीच्या निळ्या तुकड्याची रवानगी डब्यात, दुसरा तुकडा पुसला जातो. या वेळी वेल्ड आरशासारखा. मामा तो व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवतात, नळी चेपते, जॉइंट उलत नाही.

"हां. आणा आता ते."

तीन तुकडे फिक्सचरमध्ये बसतात. कड्यांची तोंडं ॲल्युमिनियमच्या चकत्यांनी बंद. कडीच्या भिंतीत, नळीच्या आतल्या बाजूला येईल असं, तीन मिलिमीटरचं एक-एक भोक आधीच पाडलंय. नंतर ते हँडलखाली आणि दांडीमागे झाकलं जाणार. आर्गॉन हवेपेक्षा जड, म्हणून तो खालच्या कडीतून सोडायचा आणि हवेला वरून वाट द्यायची. मग थांबायचं. आतली हवा पुरती निघून जाईपर्यंत टॉर्च पेटवायचा नाही.

या थांबण्यात शेठना कोकण आठवतं. त्यांचं आजोळ रत्नागिरीजवळ, आणि तिथल्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. "लहानपणी त्यात लोळलोय," ते म्हणतात, "आणि आता तोच माल किलोवर विकत घेतोय." खनिज मुबलक आहे, अडतं ते धातू काढण्यात. टायटॅनियम ऑक्सिजनला सहजी सोडत नाही, म्हणून आधी क्लोराइड करून मग मॅग्नेशियमने ते मोडायचं, ही क्रोल यांची पद्धत, गेल्या शतकातल्या चाळिशीतली. ती महाग आणि संथ. केरळातल्या चवरा इथे २०११ साली टायटॅनियम स्पंजचा कारखाना उभा राहिला, वर्षाला ५०० टन क्षमतेचा, तो अवकाश कार्यक्रमाची गरज डोळ्यांपुढे ठेवून. जगातलं बहुतेक टायटॅनियम खनिज मात्र धातू होतच नाही. त्याचा पांढरा रंग होतो आणि तो भिंतींना लागतो.

मामा काच खाली घेतात. चार टाके, समोरासमोर. मग पाव भाग इकडे, पाव भाग पलीकडे, म्हणजे नळी एका बाजूला ओढली जाऊ नये. मी दुसरा मुखवटा धरून बघतोय. ज्वाळेखाली तांदळाएवढं तळं तयार होतं, त्याच्या कडा थरथरतात, वायर शिरते, तळं फुगतं, पुढे सरकतं. वायरचं टोक मामा गॅसच्या बाहेर येऊ देत नाहीत. एकदा आलं, तर लगेच ते टोक कात्रीने छाटून टाकतात, कारण तापलेलं टोक हवा पिऊन बसलेलं असतं आणि पुढच्या बुडीला तीच हवा वेल्डमध्ये जाणार. प्रत्येक पाव भागानंतर टॉर्च तसाच धरून उभं राहायचं. गमछा ओला झालाय.

शेवटी मुखवटा वर जातो. दोन्ही जॉइंट चंदेरी, एका ठिकाणी हलकी सोनेरी झाक. मामा त्या झाकेवर अंगठा ठेवून शेठकडे बघतात. शेठ मान हलवतात. सर जवळ येऊन म्हणतात, "हा सोनेरी भाग किती सुंदर दिसतो!" मामांना ते फारसं आवडत नाही. विजेच्या दाबाने टायटॅनियमवर रंग चढवता येतात, निळा, जांभळा, हिरवा, आणि ते हौसेने करून घेणारे लोक आहेत. पण वेल्डमध्ये आलेल्या रंगाचं कौतुक मामांच्या तत्त्वात बसत नाही.

चहा होतो. पंखा सुरू होतो.

पुढचं काम मिलिंगवर. वेल्डिंगमध्ये कड्या थोड्या तरी ओढल्या जाणारच, म्हणून आतलं माप अर्धा मिलिमीटर राखून ठेवलं होतं. आता ते बोअर करून पुरं करायचं. शेठ पोराला मशीनवर उभं करतात आणि स्वतः मागे राहतात. ॲल्युमिनियम कापताना उष्णता धातूत पसरून जाते. इथे ती पसरत नाही, कापणाऱ्या धारेतच साठते, आणि धार गेली की टूल कापायच्या ऐवजी चोळायला लागतं. चोळलेली जागा आणखी कडक होते.

"स्पीड कमी. फीड सोडू नको. अरे, काप, चोळू नको!"

पोरगा ओठ चावून हँडल फिरवतोय. कुलंटच्या पांढऱ्या धारेखालून चमकदार कीस वेटोळी घेत बाहेर येतो. तो वेगळ्या, झाकणाच्या डब्यात जातो. डब्याशेजारी कोरड्या वाळूची बादली. हा कीस एकदा पेटला की त्यावर पाणी टाकायचं नसतं, पाण्याने तो आणखी भडकतो.

बोअर गेज आत जातो. २६.०२. शेठ खूश.

आता आटे. इथे सगळ्यांचे चेहरे बदलतात. चार भोकं, पाच मिलिमीटरच्या बोल्टांची. वेल्डिंगआधी जे झालं ते चुकलं असतं तर फार तर एखादी कडी गेली असती. टॅप आत तुटला तर स्टेमच गेला. तुटलेला टॅप कडक असतो, तो ड्रिलने निघत नाही. तो स्पार्क इरोजनने काढणारा शेजारी आहे, पण आज गुरुवार. भोक नेहमीच्या ४.२ ऐवजी ४.३ ठेवलंय, आट्याची उंची जरा कमी, टॅपवर ताण कमी. शेठ टॅप हाताने धरतात. जाड तेलाचा थेंब. पाव फेरा पुढे, अर्धा मागे. कट् असा बारीक आवाज येतो, तो किसाचा तुकडा मोडल्याचा. शेठ त्या आवाजासाठी कान देऊन थांबतात आणि आला की पुढे जातात. टॅप बाहेर, ब्रशने साफ, पुन्हा तेल. हजार बुशांचा हिशेब सेकंदांत करणारा माणूस एका भोकापाशी किती वेळ उभा आहे, हे मी घड्याळात बघायचं टाळतो. चौथं भोक पुरं होतं तेव्हा ते टॅप टेबलावर ठेवून बोटं मोडतात.

"याचं बिल कसं लावायचं, हे मला अजून कळलेलं नाही," ते मला हळूच सांगतात. "तासावर लावलं तर गिऱ्हाईक पळेल. मालावर लावलं तर मी पळेन."

स्लिटिंग कटरने कड्या चिरल्या जातात. शेवटचा पदर तुटल्याबरोबर हँडलची कडी किंचित उघडते, वेल्डिंगमधला उरलेला ताण सुटतो म्हणून. ताईने तेवढी जागा धरलेली होती. कडा कानशीने मोडल्या जातात. ही कानस फक्त टायटॅनियमची, तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी आहे, आणि ती लोखंडाला लावणाऱ्याला शेठ काय करतील ते पोरगा मला खुणेने दाखवतो.

सायकल आडवी-उभी करून जुना स्टेम उतरतो. आतून तो पांढऱ्या भुकटीने भरलाय, घामाची कमाई. नवा दांडीवर सरकतो, कुरकुर न करता. हँडल बसतं. पेस्ट, बोल्ट, टॉर्क पाना पाच न्यूटन मीटरवर. कट्, कट्, आलटून पालटून. सर बूट घालतात, शटर डोक्याएवढं वर होतं, रिकाम्या रस्त्यावर सायकल निघते. ते बसतात आणि मान सरळ ठेवून समोर बघतात. दहा-बारा पावलांवर थांबतात. हँडल डावीकडे वळवतात. पुन्हा वळवतात.

"अहो, हे अडतंय."

शेठ धावत जातात. ताई मागोमाग. स्टेम ठीक आहे. हँडल चार सेंटिमीटर वर गेलंय, पण पुढच्या ब्रेकची वायर जुन्याच मापाची आहे. वळवलं की ताणली जाते आणि ब्रेक आपोआप लागतो.

ताई कपाळावर हात मारते. "ड्रॉइंगमध्ये वायर नव्हतीच."

"तुझ्या ड्रॉइंगमध्ये माणूस पण नव्हता," मामा म्हणतात.

शेठ खिशातून पैसे काढून पोराला देतात, सोबत गाडीची किल्लीही. ब्रेकची वायर आणि आउटर, हातभर जास्त लांबीचं घे, चौकातलं सायकलचं दुकान उघडं असेल. पोरगा निघतो. सर सायकल हाताने ढकलत गाळ्यात आणतात आणि शेठना विचारतात, सीटपोस्टपण करून मिळेल का. शेठ क्रेटमधल्या बुशांकडे बघत म्हणतात, "दिवाळीनंतर बघू."